बोटांचे दरपत्रक

अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी मुळापासून तुटली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीचे एकच पेर गेले तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर ५. एका हाताची चार बोटे गेली तर ५०. कोणता अवयव गमावल्यावर माणसाची कमावण्याची ताकद किती घटली असे धरायचे, याचा असा तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आला आहे. कामगार राज्य विमा योजनेचा हिशेबही अशाच तक्त्यावर चालतो. तक्त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. भरपाई द्यायची म्हटल्यावर कुठेतरी आकडा मांडावाच लागतो. नावे ठेवायची ती आपल्याला. शंभर वर्षांत यंत्रे बदलली, मालक बदलले, सरकारे बदलली, आणि हे कोष्टक मात्र अजून वापरून गुळगुळीत होते आहे.

हे घडते कुठे? जिथे माणसे मायक्रॉनमध्ये बोलतात तिथे. भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड या पट्ट्यातला पुरवठादार आपल्या दहा लाख नगांमागे किती सदोष निघाले याचा हिशेब दरमहा मोठ्या कंपनीला देतो. त्याला पीपीएम म्हणतात. पीपीएम वाढला की फोन येतो, मेल येतो, पाठोपाठ माणूस येतो. पुरवठादाराला समोर बसवून कारणमीमांसा मागितली जाते, एकामागून एक पाच वेळा 'का' विचारले जाते. एका वाकड्या ब्रॅकेटसाठी पाच वेळा 'का' विचारणारी ही व्यवस्था, तोच ब्रॅकेट ठोकताना बोट गेलेल्या पोराबद्दल एकदाही 'का' विचारत नाही. माझा आरोप एवढाच आहे.

ज्यांनी पॉवर प्रेस जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जुन्या धाटणीच्या प्रेसला पिन क्लच किंवा की क्लच असतो. जड फ्लायव्हील सतत फिरत असते. पायाने पेडल दाबले की क्लच चाकात अडकतो आणि रॅम, म्हणजे ठोका मारणारा जड भाग, खाली येतो. एकदा अडकला की फेरा पुरा केल्याशिवाय तो सुटत नाही, मग मध्ये पत्रा असो की मनगट. पिन झिजली, स्प्रिंग थकली, की पेडलला पाय न लागताही रॅम दुसऱ्यांदा उतरतो. नेमका तेव्हा हात ठोकलेला नग उचलायला डायमध्ये, म्हणजे साच्यात, गेलेला असतो. अशा प्रेसवर प्रकाशकिरणांचा सेन्सर बसवून काही साधत नाही. हात आत गेल्याचे सेन्सरला कळते, पण अर्ध्यावर थांबण्याची सोय प्रेसमध्येच नसते. त्यासाठी हवेच्या दाबावर चालणारा क्लच आणि ब्रेक लागतो. तो महाग वाटत असेल तर स्वस्त उपायही आहेत. डायभोवती असे पक्के गार्ड, की फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. पत्रा सरकवायला घसरण. नग काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज न चालणारा प्रेस.

यातले काहीही नव्याने शोधायचे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने धोकादायक यंत्रभागांना भक्कम कुंपण घाला असे सांगितले. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-ब ने यंत्र घडवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही सुरक्षिततेची जबाबदारी टाकली. ज्ञान आहे, कायदा आहे, साधन बाजारात मिळते. मग अडते कुठे? अडते एका सेकंदावर.

हिशेब करून पाहा. समजा, हाताने नग लावून तासाला ६०० ठोके निघतात, म्हणजे नगामागे सहा सेकंद. दोन बटणांची सक्ती केली आणि नगामागे एकच सेकंद वाढला, तर आठ तासांच्या पाळीत ४,८०० ऐवजी ४,१०० च्या आसपास ठोके होतील. ठोक्याला ६० पैसे मिळत असतील तर पाळीमागे सुमारे ४०० रुपयांची तूट. मग एक बटण चिकटपट्टी लावून कायमचे दाबून ठेवले जाते, गार्ड काढून भिंतीला टेकवले जाते, आणि ऑडिटच्या दिवशी पुन्हा बसवले जाते. हे सगळ्यांना ठाऊक असते. सुपरवायझरला असते, शेठला असते, ऑडिट करायला आलेल्या साहेबालाही असते, कारण गार्डवर साठलेली धूळ त्यालाही दिसते.

आता शेठला दोन शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. पण तो पाळीमागचे ४०० रुपये का सोडत नाही, हे पाहायला वर चढावे लागेल.

सगळ्यांत वर ती कंपनी, जिचे नाव गाडीवर असते. तिच्याखाली पहिल्या फळीचा पुरवठादार: रोबो वेल्डिंग, कापलेली हिरवळ, भिंतीवर प्रमाणपत्रांच्या चौकटी. त्याच्याखाली दुसरी फळी: एमआयडीसीतला प्लॉट आणि कर्जावर घेतलेली यंत्रे. त्याच्याखाली तिसरी फळी: भाड्याची पत्र्याची शेड, चार प्रेस, एक कॉम्प्रेसर आणि जॉबवर्कचे चलन. दर वर्षी परचेस खात्याचे पत्र येते, की यंदा दर इतके टक्के कमी करा. पहिली फळी तेच पत्र नाव बदलून दुसरीला पाठवते, दुसरी तिसरीला फोनवरच सांगते. तिसऱ्याने कुणाला सांगायचे? पत्र्याचा दर त्याच्या हातात नाही, विजेचा नाही, बँकेच्या व्याजाचा नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: माणसाची मजुरी आणि माणसाचा हात.

पैशाचा प्रवास याच्या उलटा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे असेही सांगतो. ते व्याज मागितलेला शेडवाला मला दाखवा. मागितले की पुढच्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये त्याच्या नावापुढे शून्य येते. मुदतीत न चुकवलेले बिल प्रत्यक्ष चुकते होईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद अखेर आयकर कायद्यात करावी लागली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. देणेकऱ्याने देणे द्यावे म्हणून करखात्याला काठी उगारावी लागते, ही सभ्य उद्योगाची खूण आहे काय? आणि माल पोचायला उशीर झाला, लाइन थांबली, तर शेडवाल्याच्या खात्यावर डेबिट नोट पडायला ४५ दिवस लागत नाहीत.

ही उतरंड आपल्या ओळखीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले आणि ती का टिकते हेही उलगडून दाखवले. वरच्याचा जाच प्रत्येकाला असतो, पण हाताखाली दाबायला कुणीतरी असते, म्हणून सगळे मिळून ती मोडायला उठत नाहीत. पहिल्या फळीचा उद्योजक मोठ्या कंपनीच्या नावाने कडाकडा बोटे मोडतो आणि संध्याकाळी दुसऱ्या फळीचे बिल अडवून ठेवतो. दुसऱ्या फळीचा मालक उद्योजकांच्या मेळाव्यात लघुउद्योगावरच्या अन्यायावर टाळ्या घेणारे भाषण करतो आणि त्याच्या जॉबवर्कवाल्याच्या शेडमध्ये गार्ड नसलेला प्रेस चालू असतो. आपण आधुनिक झालो म्हणतो. जुनी घडण तशीच ठेवून आपण तिला फक्त व्हेंडर कोड दिला.

तळाशी कोण आहे तेही पाहा. बीड, परभणी, नांदेडकडून आलेला, जिरायत शेतीतून बाहेर पडलेला पोरगा. बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचा. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला, किंवा 'शिकाऊ' म्हणून लावलेला आणि शिकण्यासारखे काहीच नसलेल्या कामावर बारा-बारा तास उभा केलेला. हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यात सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या जायबंदी कामगारांवर अहवाल काढते आहे. हजारो जखमी हात तिने नोंदवले. बोटे जाण्यात पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे, जखमींत स्थलांतरित कामगारांचा भरणा आहे, आणि पुष्कळांची विम्याची नोंदणी अपघात झाल्यानंतरच होते, असे ते अहवाल सांगतात. म्हणजे बोट डायमध्ये जाईपर्यंत हा माणूस कागदावर जन्मलेलाच नसतो. आपल्याकडे वेगळे चालते असे ज्याला वाटते त्याने भोसरीच्या आतल्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी आणि चहाच्या टपरीवर पेला धरणारे हात पाहावेत.

अभियंत्यांनो, आता तुमच्याविषयी. कारखान्यात नग कसा बनेल हे ठरवणारे तुम्ही. प्रेस किती टनी, ठोके किती, माल डायमध्ये हाताने जाईल की घसरणीवरून, हे कामगार ठरवत नाही, तुम्ही ठरवता. प्रत्येक नगासाठी तुम्ही पीएफएमईए नावाचा तक्ता भरता. प्रक्रियेत काय बिघडू शकते आणि त्याचा परिणाम किती गंभीर, याला त्यात एक ते दहा गुण द्यायचे असतात. यंत्रावरच्या माणसाच्या जिवाला धोका असेल तर सर्वांत वरचे गुण द्या, हे त्या पद्धतीतच लिहिलेले आहे. म्हणजे प्रश्न तुमच्या रकान्यात आधीच छापलेला आहे! तरीही तुम्ही मागच्या नगाची फाइल उघडता, नगाचा क्रमांक बदलता आणि सही करता. पत्र्याचे दोन तुकडे एकावर एक गेले तर डाय फुटेल, म्हणून तुम्ही डायला सेन्सर लावता. डाय लाखांची असते, तिच्यासाठी प्रेस थांबतो. कारखान्यात तयार होणारे बोट अजून कुणी पाहिले नाही, तरी त्याची किंमत डायहून कमी कशी धरली?

'तिसऱ्या फळीत काय चालते ते आम्हाला कुठे दिसते?' हे उत्तर ठरलेले. ते खोटे आहे. गाडीत दोष निघाला तर तुम्ही बॅच क्रमांकावरून पत्र्याच्या कॉइलपर्यंत आणि पाळीपर्यंत मागे जाता. वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक आयएटीएफ १६९४९ तर सांगते, की लागू असलेल्या कायदेशीर अटी पुरवठासाखळीत खाली, नग प्रत्यक्ष बनतो त्या जागेपर्यंत पोचवा. नगाचा माग लावताना साखळी पारदर्शक असते. माणसाचा माग लावायची वेळ आली की तिच्यावर अचानक धुके उतरते. याला अज्ञान म्हणत नाहीत. सोयीस्कर आंधळेपणा म्हणतात.

कामगार संघटनांनाही सोडता येत नाही. मोठ्या कंपनीच्या गेटवर वेतनकरार झाला की फटाके वाजतात, गुलाल उडतो, पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागतात. कायम कामगाराला वाढ मिळाली याचा आनंदच आहे. पण त्याच लाइनवर तेच काम करणारा ठेक्यावरचा पोरगा त्या गुलालात कुठे असतो? आणि त्या लाइनला माल पुरवणाऱ्या शेडमधला? नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक. त्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली, १८८४ मध्ये आठवड्याच्या सुट्टीची मागणी मांडली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. ती एका गिरणीच्या एका खात्यापुरती मिळवली नाही. त्यांचे गुरू जोतीराव फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे होते. ठेकेदारीत पैसा कुठे मुरतो आणि घाम कुणाचा गळतो हे त्यांना आतून माहीत होते. अशा परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी कंपनीच्या कुंपणाशी आपली एकजूट थांबवावी, हे शोभत नाही.

सरकारचे काय? कामगार सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येची मर्यादा १० कामगारांवरून २० वर नेली. जिथे बोटे जातात ती चार प्रेसची शेड नेमकी या रेषेच्या खाली बसते, किंवा हजेरीपट फाडून बसवता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेचे बुलडोझर फिरले. भंगाराच्या गोदामांबरोबर लहान कारखान्यांच्या शेडही जमीनदोस्त झाल्या. बांधकामे अनधिकृत असतील तर कायदा आपले काम करील. पण अशा शेडमध्ये बनलेला माल ज्या ज्या दारांतून अधिकृत होत वर जातो, त्या दारांवर कुणी नोटीस चिकटवल्याचे ऐकिवात नाही.

आणि उरलो आपण, दसऱ्याला यंत्रांची पूजा करणारा समाज. खंडेनवमीला प्रेस धुतात, पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूचे तोरण बांधतात, नारळ फोडतात. त्याच्यावर लिंबू-मिरचीही टांगतात. जिथे गार्ड हवे तिथे लिंबू! अपघात झाला की 'नशीब' म्हणतात, 'पोराचे लक्ष नव्हते' म्हणतात, आणि पुढच्या वर्षी नारळ थोडा मोठा आणतात. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी हात पुढे करून शपथ घेतात. त्या ओळीत कुणाची बोटे किती, हे मोजायचे कुणाच्या मनात येत नाही. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानणे ही या समाजाची जुनी खोड. म्हणूनच गाडीच्या मायलेजवर आपल्याकडे घरोघरी चर्चा रंगते, पण ती गाडी बनवताना किती हात गेले हा प्रश्न विचारणारा मूर्ख ठरतो.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे स्पर्धा. 'एवढे सगळे करत बसलो तर धंदा दुसऱ्या राज्यात जाईल, चीनमध्ये जाईल.' जगात पुरवठादारांशी वागण्याचे दोन्ही नमुने होऊन गेले आहेत. जनरल मोटर्समध्ये १९९२ च्या सुमारास इग्नासिओ लोपेझ या खरेदीप्रमुखाने झालेले करार बाजूला सारून पुरवठादारांकडून दर पिळून काढले. त्या वर्षी पैसा वाचला, आणि पुरवठादारांचा कंपनीवरचा विश्वास कित्येक वर्षांसाठी उडाला. उलट १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनत होता. टोयोटाचे कारखाने थांबले. तेव्हा आसपासचे कितीतरी पुरवठादार, दर काय मिळणार हे न विचारता, आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवायला बसले आणि काही दिवसांत गाड्या पुन्हा लाइनवर आल्या. टोयोटा म्हणजे संतांची कंपनी नव्हे. पण पुरवठादाराला उभे ठेवणे हाच तिथे धंद्याचा हिशेब होता. आपण त्या जपान्यांकडून कायझेनचे फलक आणले, पिवळ्या रेघा आणल्या, आणि मुद्दा तिकडेच ठेवून आलो.

जबाबदारी साखळीत खालपर्यंत नेता येत नाही, हेही खरे नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार मेले. त्यानंतर परदेशी ब्रँडना कामगार संघटनांबरोबर कायद्याने बांधील असा करार करावा लागला, आणि पुरवठादारांच्या इमारतींची तपासणी सुरू झाली. जर्मनीने १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठासाखळीतल्या माणसांची जबाबदारी टाकणारा कायदा लागू केला. बोटे एकेक करून जातात, इमारतीसारखी एकदम कोसळत नाहीत, म्हणून आपल्याकडे बातमी होत नाही आणि करारही होत नाही. आपल्याला शुद्ध यायला ढिगारा लागतो काय?

करायचे काय, हे अवघड नाही. दरपत्रक मागवताना गार्ड, क्लच-ब्रेक आणि त्यापायी जाणारा सेकंद यांची वेगळी ओळ धरा, आणि त्या ओळीवर घासाघीस बंद करा. नगाला पहिली मंजुरी देताना नमुना तपासता, तसा तो ज्या प्रेसवर निघतो तो प्रेसही तपासा. गार्ड नाही तर मंजुरी नाही, मग शेड कितव्याही फळीची असो. पुरवठादाराच्या गुणपत्रिकेत पीपीएमच्या शेजारी हाताच्या जखमांचा रकाना ठेवा, आणि जखम कळवणाऱ्याचे काम काढून घेऊ नका, लपवणाऱ्याचे काढा. ४५ दिवसांत पैसे द्या. मोठ्या कंपन्यांच्या संघटनांनी पुढच्या वेतनकरारात एक कलम पुरवठादारांच्या कामगारांसाठी घालावे. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यंदापासून एक करावे: प्रेसची डाय आखायला शिकवताना तिचे गार्ड न आखणाऱ्या विद्यार्थ्याला नापास करावे.

परचेसच्या साहेबांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे. दरकपातीचे पुढचे पत्र टाइप करण्याआधी एक दिवस तिसऱ्या फळीच्या शेडमध्ये जा. स्टुलावर बसा, गार्ड भिंतीला टेकलेले असेल त्याच प्रेसवर, आणि पेडल दाबून स्वतःच्या हाताने दोनशे नग काढा. कपात किती टक्के, तो आकडा त्यानंतर लिहा. त्याच हाताने.